वीकेण्डमधला अर्धा दिवस गडाचा!

आमच्या घरात वीकेण्ड म्हटला की वाद ठरलेला. मला गड हवा, बायकोला गादी! ‘आठवडाभर लोकलमध्ये लटकायचं आणि रविवारी पुन्हा डोंगरावर घाम गाळायचा?’ हा तिचा सवाल. शेवटी तह झाला. शनिवार तिचा... लोणावळ्यातलं रिसॉर्ट, दुपारची झोप, गरमागरम भजी. रविवारची सकाळ माझी. मात्र एक वाजता परत मळवली स्टेशनवर हजर. उशीर झाला, तर पुढचे तीन रविवार मॉल!

वेळ कमी, म्हणून लोहगड. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल पकडली की पुढचंच स्टेशन मळवली. तिथून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव आणि पुढे लोहगड-विसापूरमधल्या गायमुख खिंडीतून लोहगडवाडी. चालत दीड-दोन तास. गाडी थेट वाडीपर्यंत जाते, पण मग ट्रेक कसला? असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

ऐट पहिल्या चढालाच उतरली. कॉलेजात असताना याच वाटेने मी पळत वर जायचो. मधल्या सात वर्षांत खुर्ची, वडापाव आणि रात्रीचे कॉल्स यांनी आपलं काम चोख केलं होतं.

वाडीपासून पायऱ्या सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे, सगळे वळणावळणावर. खालून येणारा शत्रू वरच्यांच्या माऱ्यात सापडावा, अशी रचना. शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मुघलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. हे सगळं मी प्रत्येक दरवाजात थांबून बायकोला सांगत होतो.

‘इतिहास सांगतोयस की दम खातोयस?’ तिने विचारलंच!

माथ्यावर पोहोचलो तर दाट धुकं. मला विंचूकाट्यावर जायचं होतं. गडाची ही लांबलचक सोंड, जेमतेम तीसेक मीटर रुंद, आणि तिथे जायला आधी कातळावरून खाली उतरावं लागतं. बायको म्हणाली, ‘नको, काही दिसत नाहीये.’ मी ऐकलं नाही. दोन पावलं टाकली आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. तिने मागून सॅकचा पट्टा धरला म्हणून निभावलं.

बराच वेळ आम्ही कातळावर गप्प बसून होतो. सात वर्षांत आपलं काहीही बिघडलेलं नाही, हे मला तिला दाखवायचं होतं. तिला ते केव्हाच कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, ‘चल, खाली जाऊ.’

वाचलेला वेळ भाजे लेण्यांना दिला. बावीस लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, इतक्या वर्षांनंतरही! मी निघायची घाई करत होतो आणि बायको मान वर करून बघतच बसली होती.

स्टेशनवर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. मी निमूटपणे म्हटलं, ‘तीन रविवार मॉल.’

‘उशीर माझ्यामुळे झालाय. मॉल एकदाच,’ ती म्हणाली, ‘उरलेल्या दोनांत विसापूर. आणि तोवर जिना चढून ऑफिसला जा!’

निघण्यापूर्वी...

• दुपारी लोकल विरळ असतात, परतीची वेळ आधीच बघा.

• पावसाळ्यातल्या रविवारी प्रचंड गर्दी, शनिवारी पहाटे निघालात तर उत्तम.

• चांगल्या पकडीचे बूट, माणशी दोन लिटर पाणी.

• धुकं किंवा निसरडं असेल, तर विंचूकाटा पुढच्या खेपेला!