वयाच्या माथी मारलेली धाप

साठीच्या बाईला चालताना धाप लागू लागली की घरच्यांची दोन उत्तरे तयार असतात: वय झाले, नाहीतर अंगात रक्त कमी आहे. पुरुषाला तोच त्रास झाला तर निदान विडी-सिगारेटची चौकशी तरी होते. वय आणि स्त्री-पुरुष भेद यांचा फुफ्फुसांवर परिणाम होतो यात शंका नाही. पण तो मोजता येतो, आणि न मोजता सगळा दोष त्याच्यावर ढकलणे हे अज्ञान झाकण्याचे सोयीचे साधन झाले आहे.

आधी वयाचे पाहू. जोरात फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे स्पायरोमेट्रीत मोजतात. हा आकडा साधारण विशी-पंचविशीत सर्वाधिक असतो, मुलींचा मुलांपेक्षा थोडा आधीच. पुढे निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसातही तो वर्षाला सुमारे 25 ते 30 मिलिलिटरने उतरतो. फुफ्फुसाची लवचिकता कमी होते, श्वास सोडताना बारीक नळ्या लवकर मिटतात, बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, श्वासाचे स्नायू थकतात आणि आत अडकून राहणारी हवा वाढते. आता हिशेब करा. पंचविशीत साडेतीन लिटर असलेल्या माणसाचे 40 वर्षांत एक ते सव्वा लिटर गेले, तरी सव्वादोन-अडीच लिटर उरतात. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढताना तो पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबेल, हे मान्य. पण सपाट रस्त्यावरून भाजी आणायला जाताना बोलणे तुटावे इतकी तूट एकट्या वयाने येत नाही. तसे होत असेल तर फुफ्फुस, हृदय किंवा रक्त यांपैकी कुठेतरी कारण शोधलेच पाहिजे.

बाईचे गणित थोडे वेगळे आहे. तिची फुफ्फुसे लहान असतात, आणि त्याचे कारण केवळ कमी उंची नाही. तितक्याच उंचीच्या पुरुषापेक्षाही ती लहान भरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फुफ्फुसाचा आकार सारखा धरला तरी तिच्या मोठ्या श्वासनलिका सरासरीने अरुंद असतात. अमेरिकन संशोधक जेरे मीड यांनी 1980 मध्ये हे मांडले आणि पुढे सीटी स्कॅनच्या अभ्यासांतही तेच दिसले. नळीतून हवा संथ वाहते तेव्हा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे त्रिज्या दहा टक्के घटली की अडथळा निम्म्याने वाढतो! दम्यात तर वयाबरोबर स्त्री-पुरुषांचे पारडेच उलटते: लहानपणी तो मुलग्यांत जास्त, वयात आल्यावर मात्र बायकांत.

मग बाईची फुफ्फुसे मुळातच कमकुवत, असे कुणी म्हणेल. याला उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. लहान म्हणजे आजारी नव्हे. मात्र अरुंद नळीला सूज किंवा कफ सोसण्याची मोकळीक कमी असते, आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे बसते ती बाईच. विडी कधी न ओढलेल्या माणसालाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अडवणारा जुनाट आजार, होतो, आणि जळणाचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडले. ‘तुम्ही विडी ओढता का?’ एवढ्यावर थांबणारी तपासणी म्हणूनच या बाईच्या कामाची नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरसकट चाचण्या केल्या तर निरोगी म्हाताऱ्यांवर रोगाचा शिक्का बसेल. हे घडतेही. पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर नळ्यांत अडथळा, असा ठोकताळा सर्रास वापरतात. हे प्रमाण वयाबरोबर आपोआप घसरते. त्यामुळे ऐंशीचे धडधाकट आजोबा रोगी ठरतात आणि पस्तिशीची खरी आजारी बाई निसटते. पण याचा अर्थ चाचणी टाळा असा होत नाही. तिचा आकडा वय, लिंग आणि उंचीला धरून वाचा, असा होतो. परदेशी लोकांवर बेतलेली सूत्रे आपल्या माणसांना जशीच्या तशी लावणेही धोक्याचे.

तेव्हा चाचणीला जाल तेव्हा उंची अनवाणी उभे राहून मोजून घ्या, ती अंदाजाने सांगू नका. वय बरोबर नोंदले आहे ना ते पाहा. आणि अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना विचारा, की माझ्या वयाच्या, माझ्या उंचीच्या निरोगी बाईची किंवा पुरुषाची खालची मर्यादा किती आहे, आणि मी तिच्या वर आहे की खाली.