खेळातला दख्खन आणि खरी आटपाडी

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ हा संगणकावरचा खेळ 2013 साली आला. 1444 ते 1821 या काळातलं कुठलंही राज्य हाती घ्यायचं आणि चालवायचं. सुरुवातीला दख्खनवर बहामनी सुलतान. मराठ्यांचं राज्य नकाशावर नसतंच, ते खेळाडूने उभं करायचं. इतिहास असा हाताळता येतो, म्हणूनच खेळणारे त्यावर जीव टाकतात. तक्रारीही जुन्याच: शिकायला फार वेळ लागतो आणि विकतच्या पुरवण्यांचा खर्च मूळ खेळाला मागे टाकतो.

मला खटकतं ते वेगळंच. इथे सगळी हुशारी मुलूख वाढवण्यात खर्ची पडते. खऱ्या इतिहासात मात्र आटपाडी हे गाव ज्या औंध संस्थानात होतं, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये राज्यघटना लागू करून कारभार आपणहून प्रजेच्या हाती दिला. घटनेच्या मसुद्यामागे गांधीजी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन होते. अशी चाल खेळायला मिळाली तर काय बहार येईल! त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांची खुली वसाहत. कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत.