बटाटे, टेट्रिस आणि गारठलेला हात

फोन आणि गेमवरून रोज घर डोक्यावर घेणाऱ्या आईबाबांनी एक आकडा ऐकून ठेवावा : ०.४. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या दोघांनी ३,५५,३५८ किशोरवयीनांची माहिती चाळली आणि २०१९मध्ये सांगितलं, की मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमीअधिकपणा दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल पडद्यांशी जोडता येतो. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंध जवळपास तेवढाच नकारात्मक निघाला. चष्मा लावण्याचा तर त्याहून जास्त! बटाटावड्यावर बंदी घातलेलं घर मात्र अजून ऐकिवात नाही.

यातले प्रिझबिल्स्की (ते स्वतः उच्चार 'शबिल्स्की' असा करतात) ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटमधले मानसशास्त्रज्ञ. गेम हा त्यांचा जुना विषय. माणूस गेमला चिकटतो कशामुळे, यावर रिचर्ड रायन आणि स्कॉट रिग्बी यांच्यासोबतचा त्यांचा निबंध २००६चा. त्यांच्या मते मनाला तीन भुका असतात : आपल्या मर्जीनं काही करता यावं, ते आपल्याला जमावं आणि सोबतीला कुणी असावं. चांगला गेम या तिन्ही भागवतो. नोकरी यातल्या किती भागवते, ते ज्याचं त्यानं बघावं.

त्यांचा सगळ्यात खट्याळ प्रयोग २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. आलेल्या प्रत्येकाला आधी बोचऱ्या गार पाण्यात २५ सेकंद हात बुडवायला लावलं. 'ही वेळ तुमच्या आधी आलेल्यानं ठरवली' अशी थापही मारली. मग टेट्रिस खेळायला दिला, काहींना सोपा, काहींना मुद्दाम अवघड करून ठेवलेला. शेवटी प्रश्न : पुढच्या माणसाचा हात पाण्यात किती वेळ ठेवायचा? अवघड टेट्रिसवाल्यांनी त्या अनोळखी जिवाला सरासरी १० सेकंदांची जादा शिक्षा ठोठावली. टेट्रिसमध्ये रक्ताचा थेंब नाही, बंदूक नाही, नुसत्या विटा पडतात. पण पावडर न टाकलेल्या कॅरमवर बसवलं, की शांत माणूसही चिडतोच!

मग खऱ्या मारधाडीचं काय? त्यासाठी याच मंडळींनी 'हाफ-लाइफ २'चा एक सोज्वळ अवतार तयार केला. त्यात शत्रूला ठार मारायचं नाही, नुसती खूण करायची, की तो हवेत विरून जातो. काही खेळाडूंना आधी बटणं शिकवली, काहींना तसंच मैदानात ढकललं. डोकं तापलं ते न शिकवलेल्यांचं. रक्तपात होता की नव्हता, यानं फरक पडला नाही.

तरी शंका उरतेच, कारण प्रयोगशाळेतली अर्ध्या तासाची चीड म्हणजे घरातलं वागणं नव्हे. २०१९मध्ये प्रिझबिल्स्की आणि नेटा वाइनस्टीन यांनी १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं घेतली. मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं आणि गेम हिंसक आहे की नाही, हे अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं. विश्लेषण कसं करणार, तेही आधीच लिहून नोंदवलं, म्हणजे नंतर आकड्यांना सोयीनं वळवायला जागा नाही. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही.

आणि तास? 'किती वेळ खेळलास' या प्रश्नाला कुणीही खरं उत्तर देत नाही, म्हणून प्रिझबिल्स्कींच्या गटानं थेट कंपन्यांकडूनच नोंदी मिळवल्या. २०२२च्या अभ्यासात सात गेम होते आणि ३८,९३५ खेळाडू. खेळण्याचे तास वाढल्यानं मनाची अवस्था ढळल्याचं जवळजवळ दिसलंच नाही. खेळाडूला स्वतःला फरक जाणवायचा, तर रोजच्यापेक्षा तब्बल १० तास जास्त खेळावं लागेल, असा हिशेब निघाला. (तोवर जेवणाच्या ताटावरून झालेल्या भांडणानंच मन ढळलेलं असेल.) हौसेनं खेळणारे जास्त खुशीत होते. 'खेळावंच लागतं' म्हणून खेळणारे तितके नव्हते. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल, अशी भीती घालणारे गेम म्हणूनच मला जास्त खटकतात.

या भीतीचं मोजमापही प्रिझबिल्स्कींच्याच खात्यावर आहे. बाकीचे मजा करताहेत, आपणच मुकतोय, ही धास्ती म्हणजे 'फोमो'. ती मोजणारी दहा प्रश्नांची पट्टी त्यांनी सहकाऱ्यांसोबत २०१३मध्ये बनवली.

ज्यांचा गेमपायी खरोखर खेळखंडोबा होतो, असेही आहेत. २०१७च्या त्यांच्या पाहणीत, गेमिंगच्या विकाराच्या निदानाच्या निकषात बसू शकतील असे लोक ०.३ ते १ टक्का भरले. जागतिक आरोग्य संघटनेनं या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे.

मात्र २०२२च्या अभ्यासातल्या त्या सात गेमच्या यादीत एक मोठी फट आहे. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग', 'ईव्ह ऑनलाइन', 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' वगैरे सगळे कन्सोल किंवा संगणकावरचे. आपल्याकडे पोरं खेळतात ती फोनवर, 'बीजीएमआय' आणि 'फ्री फायर मॅक्स'. त्यांच्या नोंदी कंपन्यांच्या सर्व्हरवर पडून आहेत. त्या संशोधकांसाठी खुल्या करा, हे प्रिझबिल्स्कींचं जुनं मागणं.