कोर्टाने सोडलं, बोर्डाने नाही : खेळातल्या भानगडींविषयी चार गैरसमज

वाशीमच्या पाटणी चौकात आयपीएलच्या दिवसांत चहाबरोबर निकालही लागतात. ‘सगळं सेटिंग आहे’ आणि ‘कोर्टाने सोडलं म्हणजे पोरगा साफ’ ही दोन वाक्यं तर एकाच टेबलावर ऐकू येतात. प्रत्यक्षात कोर्ट, क्रिकेट बोर्ड, डोपिंगचा लवाद आणि प्रक्षेपणाचा करार यांची नियमपुस्तकं वेगवेगळी आहेत.

गैरसमज : कोर्टाने सोडलं की बंदी आपोआप उठते.

वस्तुस्थिती : मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सचे एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक झाली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांना आरोपमुक्त केलं. म्हणजे खटला चालवण्याइतकाही आधार नाही, असं ठरलं. तरीही बीसीसीआयने श्रीशांत आणि चव्हाणवर घातलेली आजन्म बंदी कायम राहिली. खटल्यात लावलेला मोक्का टिकायचा तर संघटित गुन्हेगारी दाखवावी लागते. बोर्डाला स्वतःच्या आचारसंहितेचा भंग दिसला तरी पुरतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये श्रीशांतच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं आणि बोर्डाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. चव्हाणची बंदीही नंतर सात वर्षांवर आली.

फिक्सिंगसाठी स्वतंत्र कायदा नसल्याची अडचण २०२२ मध्ये पुन्हा दिसली. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की फिक्सिंग कलम ४२० खालची फसवणूक ठरत नाही. कारवाई बोर्डाने करावी.

गैरसमज : ‘माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळलं’ असं म्हटलं की पैलवान सुटतो.

वस्तुस्थिती : सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी मेथँडिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत अडकला. घातपाताचा त्याचा दावा ‘नाडा’ या देशी डोपिंगविरोधी संस्थेने मान्य केला आणि तो रिओला पोहोचलाही. जागतिक संस्था ‘वाडा’ने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. पदार्थ पेयातल्या भुकटीतून नव्हे, गोळीतून गेला असावा, हे तज्ज्ञाचं मत लवादाने ग्राह्य धरलं. त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. शरीरात पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची, आणि तो कसा आला हे सिद्ध करायचं ओझंही त्याच्यावरच, असा हा नियम आहे.

गैरसमज : समालोचक चॅनलचा माणूस, त्याला बोर्डाची भीती कशाला?

वस्तुस्थिती : भारतातल्या सामन्यांचं चित्रीकरण बीसीसीआय स्वतः करून घेत आलं आहे आणि त्यासाठीच्या समालोचकांची यादीही बोर्डाचीच. हर्षा भोगले यांना २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर वगळलं गेलं. कारण आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं त्यांनीच लिहिलं. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर यादीबाहेर गेले.

गैरसमज : क्रिकेट दूरदर्शनवर फुकट दाखवावंच लागतं.

वस्तुस्थिती : २००७ च्या कायद्यानुसार सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचंच प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. त्यात भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने येतात, आयपीएल नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ असं वाटलं जातं, मोठा वाटा हक्क विकत घेणाऱ्याचा. हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं, केबलवाल्यांना देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. म्हणून मालेगाव किंवा रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावात छपरावर फ्री डिशची छत्री असलेल्याला भारताचा सामना दिसू शकतो, आणि शेजारच्या केबलवाल्या घरात मात्र तो पैशाच्या चॅनलवरच शोधावा लागतो.

आयपीएल त्या यादीत नाही, त्यामुळे ती फुकट दाखवायची की नाही हे हक्क घेणाऱ्यावर. तिचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. भारतातल्या डिजिटल हक्कांना टीव्हीच्या हक्कांपेक्षा थोडी जास्तच किंमत आली. २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले, तेव्हा टीव्हीचे हक्क डिस्नेकडे आणि मोबाइलचे रिलायन्सकडे, म्हणजे दोन स्पर्धक कंपन्यांकडे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचे हे व्यवसाय एक झाले, आणि त्यातून आलेल्या जिओहॉटस्टारवर २०२५ चा हंगाम पूर्ण पाहायला पैशाचं पॅक लागलं.