पिसदुऱ्याचे बोलके दगड

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील शेतजमिनीत सापडणारे काही लांबट दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा होय. विल्यम बकलंड या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८२९ मध्ये अशा अवशेषांना ‘कॉप्रोलाइट’ हे नाव दिले.

हौशी संग्राहकाने केवळ आकारावर विसंबू नये. मातीच्या घट्ट झालेल्या गाठीही तशाच दिसतात. निमुळते टोक, आवळल्याच्या किंवा पीळ पडल्याच्या खुणा आणि आत हाडांचे कण, माशांचे खवले वा वनस्पतींचे अंश ही लक्षणे एकत्र आढळल्यास शक्यता बळावते. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच होतो.

अशा तपासणीचे मोल मोठे आहे. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, हा समज मागे पडला.

जागेची व थराची नोंद नसलेला नमुना मात्र निम्मा मुका होतो. म्हणून असा दगड फोडू वा घासू नये. तो आढळल्या जागीच ठेवून छायाचित्र व नोंद घ्यावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही दक्षता गावोगावी रुजविल्यास हा ठेवा सुरक्षित राहील.