विसरभोळेपणा कुठवर वयाचा?

नोव्हेंबर 1901. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर ही 51 वर्षांची रुग्ण जेवत होती. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय, असं डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी विचारलं, तर ती म्हणाली, पालक. नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिनं स्वतःचंच सांगितलं. 1906 मध्ये ती गेली. तिच्या मेंदूच्या कापांत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. वय पन्नाशीचं, म्हणजे हा दोष म्हातारपणाचा नव्हता, आजाराचा होता.

आपल्याकडे मात्र अजूनही 'वय झालं, चालायचंच' म्हणून विषय मिटवतात. वयानं मेंदू थोडा आकसतो, विचारांचा वेग मंदावतो. नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभरानं आपसूक आठवतं. शब्दसंपत्ती बहुधा शाबूत राहते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पुरणात आजी एखाद्या वेळी वेलची घालायला विसरली, तर विसरू दे. पण जन्मभर पुरणपोळ्या केलेल्या आजीला डाळ आधी शिजवायची की वाटायची हेच उमगेना, किंवा तोच प्रश्न ती दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारू लागली, तर दाखवायलाच हवं.

'लहानपणचं सगळं आठवतं की त्यांना!' या वाक्यावर घरचे निर्धास्त होतात, तिथेच घात होतो. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग करतो आणि त्या डॉक्टरांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या अल्झायमर या आजारात तो सुरुवातीलाच पोखरला जातो. म्हणून शाळेतले मास्तर आठवतात, सकाळचा नाश्ता आठवत नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांनी होणारा स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज आहे. पण विसरणारा प्रत्येक जण त्यांतला नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साठलेलं रक्त, यांनीही डोकं चालेनासं होतं आणि वेळीच उपचार झाले तर पुष्कळदा सुधारतं. वयाच्या नावावर हे खपून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांकडे जाताना घरच्या कुणीतरी सोबत जावं. रुग्ण पुष्कळदा 'मला काही झालेलं नाही' असंच मनापासून सांगतो. काय बदललं आणि कधीपासून, ते कागदावर लिहून न्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत असू द्यावीत.