सुरी द्या, रुपया घ्या

भाचीचं लग्न न्यू जर्सीत. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आणि तिच्या शेपटाला एक लिंक. उघडली, तर आहेराची यादी! टोस्टर, चादरी, कॉफीचं यंत्र आणि मधोमध सुऱ्यांचा 17 नगांचा संच, लाकडी ठोकळ्यासकट. ‘कृपया आहेर आणू नये’ वाचूनही पाकीट घेऊन जाणारी आपण माणसं. इथं नवरीच सांगते काय हवंय. एकाने वस्तू घेतली की ती यादीतून गळते, म्हणजे पाच भिंतीवरची घड्याळं आणि सात लेमन सेट घरात येत नाहीत. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने ही टूम 1924 साली काढली. ती वेळेवर इकडे पोचली असती तर माझा माळा आज मोकळा असता.

मी संचावर बोट ठेवणार, तोच आई म्हणाली, “अगं, लग्नात सुरी देतात का कुणी? तुटतात नाती.”

भीती जगभर सारखी, तोडगे निरनिराळे

आईसारखंच युरोप-अमेरिकेतल्या आज्याही म्हणतात. त्यांचा तोडगा मात्र झकास आहे: सुरी घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं. झाली विकत घेतलेली! काही जण तर ते नाणंही आपणच खोक्यात चिकटवून देतात, परत द्यायला. जपानी लग्नात ‘कापणं’ हा शब्दसुद्धा टाळतात. केक कापायच्या विधीचं तिथलं नाव ‘सुरी घालणं’ अशा अर्थाचं आहे. फिनलंडमध्ये उलटा न्याय. तिथं ‘पुक्को’ नावाची सुरी भेट मिळणं हा मान समजतात.

आणि आपण? सुरी हातात द्यायची नाही, खाली ठेवायची. कात्री नुसती वाजवायची नाही, विळी उभी ठेवायची नाही. पण हळद लागली रे लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतो आपण, टोकाला लिंबू खोचून! हे काढल्यावर आई गप्प झाली. मग म्हणाली, “बरं, पण रुपया घ्यायचा हो तिच्याकडून.”

सतरात खऱ्या तीन

खोक्यावर 17 आकडा दिसतो. मोजायला बसलं की त्यात आठ स्टेक कापायच्या निघतात. आमच्या शाकाहारी भाचीने त्यांनी काय साबुदाणा वडे कापायचे? मग एक कात्री, एक धार सरळ करायची सळई, आणि लाकडी ठोकळासुद्धा एक नग! उरलेल्यांत रोज हाताला लागतात त्या तीनच: आठ इंची मोठी सुरी, सोलायची छोटी आणि पावाची दातेरी. दातेरी सुरी 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात एका जर्मन कंपनीने मांडली होती. पावापेक्षा पिकल्या टोमॅटोवर ती जास्त खूश असते, हे माझं निरीक्षण.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. सतराच्या पैशात एक सुरी घ्यावी, पण अशी की पाहुण्याला हात लावू देऊ नये.

जर्मन की जपानी?

हे स्थळ बघण्यासारखंच. जर्मन सुरी म्हणजे सोलिंगेन गाव. तिथल्या कारागिरांच्या संघाकडे पीटर हेंकेल्सने 1731 साली जुळ्या भावंडांची खूण नोंदवली, ती आजही पात्यावर असते. आणि 1938 पासून कायदाच आहे, बाहेर बनवलेल्या पात्यावर ‘सोलिंगेन’ लिहायचं नाही. जर्मन पातं जाड, सोशिक. कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण 56 ते 58. जपानी 60 च्या पुढं. धार पातळ, पण नारळावर घातलीत तर कपची उडालीच. जपानी ‘सांतोकू’ या नावात तीन गुण आहेत. मांस, मासे, भाजी असा त्याचा एक अर्थ लावतात. दुसऱ्या एका जपानी सुरीची, ग्लोबलची, मूठ पोलादीच पण पोकळ, आणि तोल साधायला तिच्यात चक्क वाळू भरलेली असते.

सुरीच्या दुकानात न मिळणाऱ्या दोन गोष्टी सांगते. फ्रान्समध्ये तिएर नावाचं सुऱ्यांचं गाव आहे. तिथले धार लावणारे कारागीर नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडांवर, फळीवर पालथे पडून काम करत. खाली ओल, वर थंडी. मग काय करायचं? कुत्रं पाळायचं, आणि त्याला मालकाच्या पायांवर झोपायला शिकवायचं. जिवंत शेगडी! जुन्या फोटोंत फळ्यांवर ओळीने माणसं दिसतात आणि पायांवर कुत्री.

दुसरी गोष्ट तैवानच्या ताब्यातल्या किनमेन बेटाची. 1958 साली चीनने या चिमुकल्या बेटावर 44 दिवसांत साडेचार लाखांहून जास्त तोफगोळे टाकले. पुढं 1979 उजाडेपर्यंत प्रचारपत्रकं भरलेले गोळे येत राहिले. गोळ्याचं पोलाद चांगलं. तिथल्या लोहारांनी ते गोळा केलं आणि सुऱ्या ठोकायला घेतल्या. एका गोळ्यातून पन्नास-साठ सुऱ्या निघतात म्हणे. शत्रूचा आहेर, तोही घरपोच.

लाटांवर भुलू नका

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली की दुकानदार ‘दमास्कस’ म्हणतो आणि किंमत वाढते. आजच्या सुऱ्यांत ती नक्षी बहुधा वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आणतात. जुन्या, मूळ दमास्कस तलवारींचं प्रसिद्ध पोलाद दक्षिण भारतातून जायचं: ‘वुट्झ’. हे नाव कन्नड ‘उक्कु’वरून बिघडलं असं मानतात. मायकेल फॅरेडेने विजेच्या शोधांनी नाव काढण्याआधी याच वुट्झवर डोकं खपवलं होतं.

न गंजणारं पोलाद मात्र इंग्लंडच्या शेफील्डचं. हॅरी ब्रिअर्ली 1913 साली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता. हाती आलं ते असं पोलाद, ज्याला व्हिनेगर आणि लिंबाचा रसही डाग पाडेना. पुन्हा लिंबूच! माझ्या आजीच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की फोडीच्या कडेला निळसर काळी रेघ उमटायची. आम्ही ती बोटाने पुसायचो आणि मीठ लावून खायचो. ब्रिअर्लीने ती रेघ घालवली.

विळीचा विषय निघालाच आहे तर

जगभर सुरी हलते, भाजी थांबते. विळीत पातं थांबतं, भाजी हलते. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे, टोकाला नारळ खवायची सोय. गोव्यात ती आडोळी, बंगालात बोटी, तेलुगूत कत्तिपीट. गवारीची शीर मोडून एका दमात जुडी चिरणारी आजी कोणत्याही खोक्यातल्या 17 नगांना भारी होती. न्यू जर्सीतल्या ओट्यावर मात्र ती मांडायची कुठे, हा प्रश्न आहे.

सुरी कुठलीही असो, बोथट झाली की कांदा सूड घेतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये कांदा चिरताना उडणारे तुषार कॅमेऱ्याने टिपले: धारदार पात्याने, सावकाश चिरलं तर तुषार कमी. आपल्या गल्लीत सायकलवरचा धारवाला यायचा, तोच खरा डोळ्यांचा डॉक्टर. चाकाला पाय मारत ठिणग्या उडवायचा, अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायचा, आणि मग वीस रुपये.

तिकडे सायकलवाला कुठला? म्हणून सुरीबरोबर धार लावायचा दगडही घेतला. संच रद्द, आठ इंची एकच, जर्मन. भाचीच्या स्वयंपाकात नारळ असतो, म्हणून.

खोकं पोचलं त्या रात्री तिचा फोन आला. “मावशी, कसली धार आहे! कोथिंबीर कागदासारखी कापली.” मी रुपयाची आठवण केली. ती म्हणाली, एक सेंट चालेल का? आईने पलीकडून मान हलवली. दहा मिनिटांत माझ्या फोनवर टिंग झालं, भाचीच्या पुण्यातल्या जुन्या खात्यातून एक रुपया जमा. खाली तिने लिहिलं होतं: ‘सुरीचे. आजीला दाखव.’